टोमॅटो आणि मिरचीचा क्रॉस घरच्या घरी: कळी ओळखण्यापासून एफ-२ पर्यंत

जालना आणि शेजारच्या बुलडाण्यातला देऊळगाव राजा भाग, इथं हिवाळ्यात कुठल्याही शेडनेटमध्ये डोकावलात तर बायका एकेका झाडाशी उभ्या राहून चिमट्यानं कळ्या उघडताना दिसतील, कारण आपण दुकानातून टोमॅटो-मिरचीच्या हायब्रीड बियाणाचं जे पाकीट आणतो त्यातलं बरंचसं बी असंच एकेक फूल हातानं हाताळून तयार होतं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही बियाणं कंपनी सुरू केली आणि त्या भागात सीड प्लॉटचं, म्हणजे बियाण्यासाठी पीक घेण्याचं काम रुजत गेलं, पुढे १९९८ चं वर्ल्ड फूड प्राइझही त्यांना मिळालं. सांगायचा मुद्दा हा की हे काम, म्हणजे टोमॅटोच्या दोन जातींचा किंवा मिरचीच्या दोन जातींचा आपसात क्रॉस (संकर), करायला लॅब लागत नाही, पांढरा कोट लागत नाही, गच्चीवर चार कुंड्या आणि सकाळचा अर्धा तास असेल तर तुम्हीही करू शकता, आणि ज्यांना बियाण्यात थोडा जरी रस आहे त्यांनी एकदा तरी करावंच असं मला मनापासून वाटतं.

नवीन माणूस पहिला प्रश्न विचारतो तो चिमटा कुठला घ्यायचा. त्याच्या आधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, मादी कोण आणि नर कोण. आणि तो ठरवताना डोक्यात एकच गोष्ट ठेवा: क्रॉस खरंच लागला की झाडानं स्वतःच्याच परागानं फळ धरलं, हे नंतर आपल्याला कळलं पाहिजे. त्याची सोय सुरुवातीलाच करावी लागते, नंतर करता येत नाही.

मादी-नर ठरवताना

टोमॅटो आणि मिरची दोघांच्याही फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. म्हणजे मादी म्हणून वापरायच्या फुलातले नर भाग आपण काढून टाकतो आणि दुसऱ्या झाडाचे पराग लावतो. काढताना थोडं जरी राहिलं की झाड स्वतःचंच बी बनवणार, आणि फळ बघून तुम्हाला काहीच कळणार नाही, कारण या वर्षीचं फळ दिसायला आणि चवीला मादी झाडासारखंच असतं. फळाची साल, गर हे सगळं मादीचं, नवीन रक्त फक्त आतल्या बियांमध्ये. (शेजारी तिखट मिरची लावली म्हणून ढोबळी मिरची त्याच वर्षी तिखट झाली असं बरेच जण सांगतात, तसं होत नाही. त्या ढोबळीचं बी पुढच्या वर्षी लावलंत तर मात्र तिखट झाड निघू शकतं.)

म्हणून मादी अशी निवडायची की जिचा एखादा गुण दबणारा आहे, आणि नर असा की ज्याच्यात त्याच जागी वरचढ गुण आहे (दोन्ही एकत्र आले की वरचढ दिसतो, दबणारा लपतो). टोमॅटोत सगळ्यात सोयीचा गुण म्हणजे पान. काही जुन्या जातींचं पान बटाट्याच्या पानासारखं सपाट कडेचं असतं, ब्रँडीवाइन ही त्यातली प्रसिद्ध जात, आणि हा गुण नेहमीच्या कातरलेल्या पानापुढे दबतो. मादी बटाटा-पानाची आणि नर कातरलेल्या पानाचा घेतला की पुढच्या पिढीची रोपं ट्रेमध्येच ओळखू येतात, कातरलेलं पान आलं की क्रॉस लागला, सपाट पान आलं की आपलं काम फसलं, ते रोप सरळ उपटून टाकायचं. अशी जात हाताशी नसेल तर पिवळ्या फळाची मादी आणि लाल फळाचा नर घ्या, पिवळा रंग लाल रंगापुढे दबतो, फक्त उत्तर कळायला पहिलं फळ पिकेपर्यंत थांबावं लागेल.

मिरचीत तिखटपणा वरचढ आहे. म्हणजे कॅलिफोर्निया वंडरसारखी गोड ढोबळी मादी आणि ज्वाला किंवा लवंगी नर, पुढच्या पिढीचं फळ तिखट लागलं की समजायचं जमलं. दुसरी खूण फळ कसं लागतं याची. पंत सी-१ ची मिरची आभाळाकडे तोंड करून उभी लागते, ब्याडगी-संकेश्वरी खाली लोंबते. उभं फळ लोंबत्या फळापुढे दबतं, म्हणून पंत सी-१ मादी आणि ब्याडगी नर अशी जोडी शिकायला फार चांगली, मला विचाराल तर मिरचीत पहिला क्रॉस हाच करा.

आणखी एक, दोन्ही बाजूंना सरळ वाण घ्या, म्हणजे ज्याचं बी लावलं की तसंच झाड येतं असा. बाजारातला हायब्रीड टोमॅटो आणून त्याचं बी लावलंत तर ते आधीच फुटलेलं असतं, प्रत्येक झाड वेगळं, मग क्रॉसमधून काय आलं आणि कुठून आलं याचा काही मेळ लागत नाही. पुसा रुबी, अर्का विकास, पुसा ज्वाला, पंत सी-१ हे सगळे सरळ वाण आहेत. कृषी विद्यापीठांची बियाणं विक्री केंद्रं, राष्ट्रीय बीज निगम, बंगळूरूची आयआयएचआर (भारतीय बागवानी संशोधन संस्था) इथं चौकशी करा, आयआयएचआर तर अर्का वाणांचं बी ऑनलाइनही विकते.

हंगाम

एप्रिल-मेमध्ये हे करायला जाऊ नका. दिवसाचा पारा ३५ च्या पुढे गेला की टोमॅटोचे पराग निकामी व्हायला लागतात, मिरचीची फुलं तर नुसती झडत सुटतात, मग तुमचा हात कितीही साफ असू दे. दिवसा २० ते २८ आणि रात्री १५ ते २० अंश असं हवामान टोमॅटोला आवडतं, आपल्याकडे ते बहुतेक ठिकाणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मिळतं. म्हणजे रोपं ऑगस्टच्या शेवटी ते सप्टेंबरमध्ये तयार करायची. विदर्भात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा टोमॅटोची फळधारणा मंदावते, तिथं नोव्हेंबरचा बहर आणि मग फेब्रुवारीचा बहर पकडावा. कोकणात आणि पावसाळ्यात दमट हवेनं परागाच्या गुठळ्या होतात, पोळ्या लाटताना पीठ दमट झाल्यावर होतात तशा, आणि ते पसरत नाहीत, म्हणून दव पूर्ण वाळल्यावरच पराग काढायचे.

नर झाडांचं बी मादीच्या आठ-दहा दिवस आधी लावा. मादीच्या कळ्या तयार आणि नराला एक फूल नाही, असं झालं की अख्खा बहर वाया जातो. दोन-तीन मादी झाडं आणि दोन नर झाडं घरच्या कामाला पुरतात.

सामान

टोकदार चिमटा (घड्याळ दुरुस्तीवाल्यांकडे असतो तो किंवा मेडिकल दुकानातला), सुई, स्पिरिट, कापूस, रंगीत लोकर, छोटे टॅग, पेन्सिल, आणि चाळिशी लागलेली असेल तर भिंग घ्याच. पेन नको, पेन्सिलच, शाई पाण्यानं जाते. फूल झाकायला हळदीकुंकवाला वाण देतात त्या ऑर्गेंझाच्या जाळीदार पोटल्या एकदम बेस्ट, हवा खेळते आणि मधमाशी आत जात नाही.

हात साबणानं धुवा. आणि हे मी खूप गंभीरपणे सांगतोय, तंबाखू मळलेल्या हातानं झाडाला हात लावू नका, तंबाखूतला मोझॅक व्हायरस हाताला लागून टोमॅटो-मिरचीवर जातो आणि क्रॉसिंगमध्ये आपण प्रत्येक फुलाला जखम करतच असतो, त्यामुळे त्याला दारच उघडं मिळतं. चुरडा-मुरडा झालेलं झाड तर मादी म्हणूनही नको आणि नर म्हणूनही नको.

टोमॅटो: कळी कुठली धरायची

इथं जरा सावकाश वाचा, कारण सगळं काम या एका गोष्टीवर उभं आहे.

टोमॅटोचं फूल जवळून बघा. बाहेर पाच-सहा हिरवी टोकदार पानं, आत पिवळ्या पाकळ्या, आणि मधोमध पुंकेसर एकमेकांना चिकटून झालेला पिवळा शंकू. त्या शंकूच्या आत, नळीत काडी घातल्यासारखा, मादी भाग असतो, हिरवट बारीक काडी आणि टोकाला छोटीशी गाठ. फूल उघडतं तेव्हा शंकू आतल्या बाजूनं फुटतो आणि पराग थेट त्या गाठीवर पडतात, म्हणून टोमॅटो बहुतेक वेळा स्वतःच फळतो. म्हणजेच उमललेलं फूल आपल्या काही कामाचं नाही, आत लग्न लागून गेलेलं असतं.

आपल्याला हवी ती उद्या-परवा उमलणारी कळी. ओळखायची कशी, तर हिरवी पानं नुकती सुटायला लागलीत, त्यांच्या फटीतून पाकळ्यांचं टोक बाहेर आलंय, आणि पाकळीचा रंग अजून फिका, पांढुरका-पिवळा आहे. पाकळी गडद पिवळी झाली, बाहेरच्या बाजूला वळायला लागली, की उशीर झाला, ती कळी खुडून टाका. आणि हिरव्या पानांत पूर्ण मिटलेली, मोहरीसारखी कळी घेतलीत तर आतली काडी इतकी नाजूक असते की चिमटा लागताच मोडते किंवा दुसऱ्या दिवशी वाळून जाते. काही जुन्या मोठ्या फळांच्या जातीत काडी शंकूच्या बाहेर डोकावते, तिथं अजून अर्धा दिवस लवकरची कळी घ्यावी.

पहिला घोस सोडून द्या, त्यात वेडीवाकडी, जोडफुलं जास्त येतात. दुसरा, तिसरा, चौथा घोस चांगला. त्या घोसातली उमललेली फुलं आणि धरलेली छोटी फळं आधी काढून टाका आणि दोन-तीन योग्य कळ्याच ठेवा. जीवावर येतं, मान्य आहे, पण झाडावर आधीची फळं असली की झाड सगळी ताकद तिकडे देतं आणि तुमची मेहनत केलेली कळी झडते. हे मिरचीत तर अजून जास्त.

आता हात. संध्याकाळी चारनंतर करा. डाव्या हाताच्या अंगठा आणि बोटात कळीचा देठ हलकाच धरा, चिमट्यानं पाकळ्या थोड्या उघडा, शंकूच्या बाजूला चिमट्याचं एक टोक तिरकं घाला आणि शंकू वर उचला. पाकळ्या आणि पुंकेसर खाली एकमेकांना जोडलेले असतात त्यामुळे जमलं तर सगळं मिळून टोपीसारखं एकदम निघून येतं, नाही जमलं तर दोन-तीन तुकड्यांत काढा, काही बिघडत नाही. उरला पाहिजे फक्त हिरवा गोल बीजकोश, त्यावर उभी काडी, आणि खाली हिरवी पानं. काडी वाकली असेल तर चालेल, मोडली असेल तर कळी काढून टाका. भिंगातून एकदा बघा, पिवळा एकही तुकडा राहता कामा नये. आणि काढलेला शंकू फोडून बघा, आतून पिवळी धूळ निघाली तर ती कळी पुढे गेलेली होती, तिच्यावर विश्वास ठेवू नका.

त्याच वेळी हिरव्या पानांपैकी दोन अर्धी कापून टाका. सीड प्लॉटवरही ही खूण वापरतात, टॅग पडला तरी फळ पिकेपर्यंत ते कापलेलं पान दिसत राहतं.

प्रत्येक मादी झाड झालं की चिमटा स्पिरिटमध्ये बुडवा आणि वाळू द्या.

पराग लावणं

दुसऱ्या दिवशी सकाळी साधारण नऊ-दहाच्या सुमारास, दव गेल्यावर, नर झाडाचं पूर्ण उमललेलं, गडद पिवळं, पाकळ्या मागे वळलेलं फूल तोडा. शंकू वेगळा करा, सुईनं आतल्या बाजूनं उभी चीर द्या आणि शंकू अंगठ्याच्या नखावर टकटक आपटा, नखावर बारीक पांढरट-पिवळी पूड दिसेल. बॅटरीचा टूथब्रश असेल तर फुलाच्या मागे टेकवून खाली काळा कागद धरा, अजून छान पडते. मग ते नखच मादीच्या काडीच्या टोकाला हलकं टेकवायचं, टोक परागात बुडल्यासारखं दिसलं पाहिजे. घासू नका.

सीड प्लॉटवर शंभरानं फुलं करायची असतात म्हणून तिथं आदल्या दिवशी शंकू गोळा करून वाळवतात, चाळतात आणि पराग छोट्या कड्यात भरून बोटात घालतात, घरी एवढं करायची गरज नाही, ताजं फूल सगळ्यात चांगलं. अगदीच वेळ जुळत नसेल तर वाळवलेले शंकू कोरड्या डबीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहतात.

मादी भाग कळी अवस्थेपासून पुढचे दोन-तीन दिवस तरी पराग घेतो, म्हणून दुसऱ्या दिवशी परत एकदा लावा, बिया जास्त भरतात. टोमॅटोच्या या फुलाला पाकळ्याच उरलेल्या नसल्यामुळे माशा फारशा येत नाहीत, तरी पोटली बांधलीत तर मन शांत राहतं.

मिरचीत काय वेगळं

मिरचीचे पुंकेसर एकमेकांना चिकटलेले नसतात, निळसर-जांभळे पाच-सहा सुटे उभे असतात, त्यामुळे काढणं दिसायला सोपं, पण फूल लहान आणि नखरेल. आणि मिरचीवर मधमाश्या भरपूर येतात, शेजारच्या कुंडीतली मिरची सहज मिसळते, म्हणून इथं पोटली बांधणं ऐच्छिक नाही.

कळी अशी हवी: पूर्ण पांढरी, फुगलेली, पाकळ्या हिरव्या वाटीच्या बाहेर आलेल्या पण टोक अजून मिटलेलं, उद्या सकाळी उमलेल अशी. ती संध्याकाळी धरा. पाकळ्या एका बाजूनं सुईनं उघडा आणि एकेक पुंकेसर मोजून काढा. हात बसला की पाकळ्यांसकट हलका पीळ देऊन सगळं एकदम निघतं, पण सुरुवातीला एकेकच काढा आणि काढलेले मोजा, पाकळ्या सहा असतील तर पुंकेसरही सहाच निघाले पाहिजेत. पुंकेसर मिटलेला, गुळगुळीत हवा. एकावर जरी पूड दिसली तर ती कळी सोडा. देठाला झटका बसू देऊ नका, मिरचीचा देठ सांध्यातून फार पटकन सुटतो.

लगेच पोटली. सकाळी नर झाडाचं नुकतं उमललेलं फूल बघा, उमलल्यावर तासा-दोन तासात पुंकेसर फुटतात, फुटलेला पुंकेसर चिमट्यात धरून थेट मादीच्या टोकाला टेकवायचा, एका फुलातले दोन-तीन पुंकेसर एका मादीला खुशाल वापरा. नराच्या कळीलाही आदल्या दिवशी पोटली बांधलेली असावी, नाहीतर मधमाशीनं आणून टाकलेले दुसरेच पराग तुम्ही उचलाल. परत पोटली, फळ धरेपर्यंत चार-पाच दिवस ठेवा, मग काढा.

मिरचीत दहातली तीन-चार फुलं धरली तरी नवीन हाताला ते चांगलं समजा. झाडावरच्या बाकी मिरच्या तोडत राहा, पाणी एकसारखं द्या, आणि या दिवसांत नत्राचं खत थांबवा. भूत जोलोकियासारख्या जातीशी साध्या मिरचीचा क्रॉस लागतो, पण ती वेगळी प्रजात असल्यामुळे पुढच्या पिढीत फळधारणा कमी असलेली झाडं निघू शकतात, शिकायला ती जोडी नको.

टॅग

लोकर देठाला सैल बांधा आणि टॅगवर मादी आधी, मग नर, मग तारीख. उदाहरणार्थ: पंत सी-१ × ब्याडगी, १८/११. हा क्रम जगभर असाच लिहितात, तुम्हीही तोच ठेवा. वहीतही नोंद करा, टॅग उन्हानं, पावसानं, माकडानं, कशानंही जातो.

तीन-चार दिवसांत देठाचा सांधा पिवळा पडला तर फूल गेलं. देठ हिरवा राहिला आणि आठवड्यात बीजकोश फुगायला लागला की लागलं.

फळ आणि बी

टोमॅटो पराग लावल्यापासून साधारण ४५ ते ६० दिवसांत पिकतो, मिरची पूर्ण लाल व्हायला तेवढेच किंवा थोडे जास्त घेते. घाई नको, फळ झाडावरच पूर्ण पिकू द्या, हिरव्या मिरचीतलं बी कच्चं असतं.

टोमॅटो कापून गर आणि बी काचेच्या ग्लासात काढा, एक-दोन दिवस झाकून ठेवा, वर फेस येईल, वास येईल, तो यायलाच पाहिजे, त्यानं बियांभोवतीचा बुळबुळीत थर सुटतो. आपल्याकडच्या उष्णतेत एक दिवस बऱ्याचदा पुरतो, जास्त ठेवलंत तर बी ग्लासातच अंकुरतं. मग धुवा, तरंगणारं फोल बी टाका, आणि ताटलीवर सावलीत वाळवा. कागदावर नको, चिकटतं. मिरचीचं बी आंबवायचं नसतं, फळ सुकलं की चिरून काढा आणि हातमोजे घाला. वाळलेलं बी वाकवल्यावर न वाकता कट्कन तुटलं पाहिजे, मग पाकिटावर टॅगवरचं सगळं उतरवून हवाबंद डबीत फ्रीजमध्ये.

पुढची पिढी

हे झालं एफ-१, म्हणजे क्रॉसची पहिली पिढी (एफ-१ च्या बियांतून येते ती एफ-२). दोन्ही बाजू सरळ वाणाच्या असतील तर एफ-१ ची सगळी झाडं एकसारखी येतात, त्यामुळे तीन-चार झाडं पुरतात. इथंच ती सुरुवातीला ठरवलेली खूण तपासायची. मिरची उभी आली तर ते झाड पंत सी-१ चंच पोर, लोंबती आली तर ब्याडगीचा वाटा नक्की आला. टोमॅटोत चेरी आणि मोठ्या फळाचा क्रॉस असेल तर एफ-१ चं फळ दोघांच्या मध्यावर न येता लहानाच्या जवळ जातं, त्यानं निराश होऊ नका.

खरी मजा एफ-२ ला. एफ-१ चं बी (मिरचीत इथंही फुलाला पोटली बांधून धरलेलं) लावलंत की दबलेले गुण परत वर येतात. एक दबणारा गुण चारात एका झाडाला दिसतो, दोन दबणारे गुण एकाच झाडात हवे असतील तर सोळात एक. आता सोळात एक म्हणजे सोळा झाडं लावली की एक मिळणारच असं नाही. मिळण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर ४७ झाडं लागतात, आणि एकाच गुणासाठी ११. गच्चीवर ४७ झाडं कुठं मावणार, म्हणून गुण निवडतानाच कमी निवडा, किंवा पानासारखा गुण असेल तर ट्रेमध्येच रोपं छाटून हवी तीच कुंडीत न्या.

संरक्षित वाण वापरायला चालतो का असं बरेच जण विचारतात. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात नवीन वाण तयार करण्यासाठी मूळ वाण म्हणून वापरायला संशोधकाला मुभा आहे. शेतकऱ्याला स्वतःच्या पिकाचं बी ठेवायचा, वाटायचा, विकायचाही हक्क आहे, फक्त ते ब्रँड लावून विकता येत नाही.

एफ-२ मधल्या आवडलेल्या प्रत्येक झाडाचं बी वेगळ्या पाकिटात ठेवा, एकत्र करू नका. पुढच्या हंगामात प्रत्येक पाकिटातली सहा-आठ रोपं शेजारी शेजारी लावायची, जे पाकीट एकसारखी झाडं द्यायला लागलं ते पुढे न्यायचं. दर पिढीला आतला मिश्रपणा निम्मा होतो, एफ-२ ला निम्मा, एफ-३ ला पाव, असं करत सहाव्या-सातव्या पिढीला वाण बऱ्यापैकी ठरतो. टोमॅटोचे वर्षाला दोन हंगाम घेतलेत तर हे तीन-साडेतीन वर्षांचं काम आहे, मिरची जास्त दिवस घेते म्हणून तिला अजून थोडं लागतं.